रुग्णवाहिकेचे सारथी

मुलांनो, भोंगा वाजवीत धावणारी रुग्णवाहिका तुम्ही पुष्कळदा पाहिली असेल. ती दिसताच बैलगाडीवाला आपली गाडी कडेला घेतो, मोटारवाला वेग आवरतो आणि रस्त्यावरची माणसे आपोआप बाजूला होतात. आत कोण आहे, कोणत्या गावचा आहे, त्याचा स्वभाव बरा की वाईट, असे त्या वेळी कोणीही विचारीत नाही. माणूस दुखण्यात आहे आणि त्याला लवकर पोहोचविले पाहिजे, एवढेच सर्वांना ठाऊक असते.

ह्या पाठात अशाच गाड्या हाकणाऱ्या काही तरुणांची हकीकत सांगावयाची आहे. त्यांनी दोन महायुद्धांत लक्षावधी जखमींना रणांगणावरून रुग्णालयात पोहोचविले. दुसरे महायुद्ध संपल्यावर मात्र त्यांनी गाड्या ठेवून दिल्या आणि एक निराळेच काम हाती घेतले. ते काम म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना दूरच्या देशात नेऊन तेथील अनोळखी कुटुंबात वर्षभर ठेवण्याचे. जखमी शिपाई कोठे आणि शाळेत जाणारे मूल कोठे! ह्या दोन कामांचा एकमेकांशी काय संबंध, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. तो संबंध त्या तरुणांना कसा दिसला, हे समजण्यासाठी आपल्याला १९१४ सालच्या फ्रान्समध्ये जावे लागेल.

त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात युरोपात महायुद्धाचा वणवा पेटला. जर्मन सैन्य झपाट्याने पॅरिसच्या दिशेने येऊ लागले. पॅरिसला लागूनच नूयी नावाची वस्ती आहे. तेथे अमेरिकन रहिवाशांचे एक लहानसे रुग्णालय होते. जखमींची रीघ लागली तेव्हा जवळच नुकत्याच बांधलेल्या एका शाळेच्या इमारतीत खाटा मांडण्यात आल्या. ज्या वर्गांत मुलांनी बाके भरावयाची, ते वर्ग जखमी शिपायांनी भरून गेले. त्या वेळी अमेरिका युद्धात उतरलेली नव्हती. ती उतरली १९१७ च्या एप्रिलमध्ये. तरीही अमेरिकेतील अनेक तरुण स्वतःहून बोटीने फ्रान्सला आले. त्यांतील पुष्कळसे हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन अशा विद्यापीठांतील विद्यार्थी होते. बंदूक हाती न घेता जखमींची गाडी चालवावयाची, हे काम त्यांनी पत्करले.

ह्या तरुणांत एक चाळिशी उलटलेले गृहस्थही होते. त्यांचे नाव अब्राम पायट अँड्र्यू. ते पूर्वी हार्वर्ड विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवीत असत. पुढे अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीचे ते प्रमुख झाले होते. एवढा मानमरातब सोडून हे गृहस्थ फ्रान्समध्ये येऊन गाडी हाकू लागले. थोड्याच दिवसांत त्यांच्या ध्यानात आले, की आपल्या गाड्या रेल्वेस्थानकापासून रुग्णालयापर्यंतच फिरत आहेत. खरी गरज आहे ती आघाडीवर. तेथे जखमी शिपाई तासन्‌तास पडून राहतो आणि वाटेतच त्याचा प्राण जातो. परदेशी माणसांना आघाडीवर जाऊ देण्यास फ्रेंच सेनाधिकारी राजी नव्हते. अँड्र्यू ह्यांनी त्यांचा पाठपुरावा केला आणि १९१५ च्या वसंतऋतूत ती परवानगी मिळविली. ह्याच पथकांना पुढे ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’ हे नाव मिळाले.

त्यांच्या गाड्या कशा होत्या, हे ऐकण्यासारखे आहे. फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ ह्या साध्या मोटारीचा सांगाडा घेऊन त्यावर लाकडी पेटीसारखी खोली बसविलेली असे. तीत तीन जखमी आडवे निजू शकत, किंवा चार-पाच जण कसेबसे बसू शकत. गाडी सुरू करण्यासाठी पुढे उभे राहून दांडा फिरवावा लागे. थंडीच्या दिवसांत इंजिनातील पाणी गोठू नये म्हणून चालकांना कोण यातायात करावी लागे. ‘मॉडेल टी’ची आणखी एक गंमत होती. तिच्या टाकीतील पेट्रोल केवळ आपल्या उतारानेच इंजिनाकडे वाहत येई. चढ फार उभा आला, की टाकी खाली आणि इंजिन वर अशी स्थिती होऊन इंजिन बंद पडे. अशा वेळी चालक गाडीचे तोंड फिरवीत आणि ती उलटी चालवीत चढ चढत! दिसावयास ही गाडी हास्यास्पद होती खरी. परंतु तिचे हलकेपण हाच तिचा गुण ठरला. चिखलात रुतली तर चार-सहा माणसे तिला उचलून बाहेर काढीत. मोठ्या, डौलदार गाड्यांना हे भाग्य नव्हते.

फ्रान्सच्या पूर्व सीमेवर व्होज नावाची डोंगरांची रांग आहे. तेथील अरुंद, वळणावळणाच्या वाटांवरून तोपर्यंत जखमींना खेचरांच्या साहाय्याने खाली आणीत. प्रत्येक हिसक्याला जखमी माणूस विव्हळे. त्या वाटांवर ह्या लहान गाड्या चढू लागल्या आणि जखमींचे कितीतरी हाल वाचले. मात्र वाट शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात असे. रात्री दिवे लावण्याची सोय नव्हती. काळोखात एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी, अशी ती कसरत होती. १९१५ च्या नाताळच्या सुमारास एका रात्री रिचर्ड हॉल नावाचा चालक ह्याच डोंगरवाटेवर गाडी नेत असता तोफेचा गोळा त्याच्या गाडीवर पडला आणि तो जागीच ठार झाला. त्याच वर्षी त्याने डार्टमथ महाविद्यालयाची पदवी घेतली होती. ह्या पथकांतील रणभूमीवर पडलेला तो पहिला चालक.

तो शेवटचा मात्र ठरला नाही. त्या महायुद्धात सुमारे अडीच हजार तरुणांनी ही सेवा केली आणि त्यांपैकी १२७ जण मरण पावले. युद्ध संपल्यावर मागे उरलेल्या सोबत्यांपुढे प्रश्न पडला, की ह्या मित्रांचे स्मारक काय करावे? दगडाचा खांब उभारणे सोपे होते. त्यांनी त्याऐवजी मृत सोबत्यांच्या स्मरणार्थ शिष्यवृत्त्या सुरू केल्या. अमेरिकेतील विद्यार्थी फ्रान्समध्ये जाऊन शिकावेत आणि फ्रान्समधील अमेरिकेत, असा त्यांचा हेतू होता. पुढे जे मोठे काम उभे राहिले, त्याचे बीज येथे पडले, असे म्हणावयास हरकत नाही.

वीस वर्षे लोटली आणि १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. पहिल्या युद्धात गाडी चालविलेले स्टीफन गलाटी नावाचे एक सद्‌गृहस्थ न्यूयॉर्कमध्ये होते. त्यांनी पुन्हा पथके उभी करण्याचा विडा उचलला. ह्या वेळी आलेल्यांत कोणी अधू दृष्टीमुळे सैन्याने नाकारलेला होता, तर कोणी शस्त्र धरणार नाही अशा निश्चयाचा होता. हे चालक फ्रान्समध्ये गेले, आफ्रिकेच्या वाळवंटात अल अलामीनला गेले, इटलीत गेले. आपल्या देशाच्या सीमेपर्यंतही ते आले. १९४४ साली इंफाळ आणि कोहिमा येथे जपानी सैन्याशी घनघोर लढाई झाली. त्या वेळी डोंगराळ, पावसाने निसरड्या झालेल्या वाटांवरून ते जखमींना वाहून नेत होते. इंफाळच्या रक्षणासाठी लढणाऱ्या भारतीय सैनिकांत मराठा पलटणीचे जवानही होते.

येथे आपल्याकडील एका वीराची आठवण झाल्यावाचून राहत नाही. इटलीच्या रणभूमीवर, जेथे ही पथके काम करीत होती, तेथेच मराठा पलटणीतील नामदेव जाधव हा अहमदनगर जिल्ह्यातील तरुण लढत होता. १९४५ च्या एप्रिलमध्ये सेनियो नदीच्या लढाईत गोळ्यांचा वर्षाव चालू असताना त्याने आपल्या दोन जखमी सोबत्यांना नदीच्या पाण्यातून आणि सुरुंगांनी भरलेल्या जमिनीवरून सुरक्षित जागी नेले. त्याच्यापाशी गाडी नव्हती; स्वतःची पाठ एवढेच त्याचे वाहन होते. त्यानंतर परत फिरून त्याने शत्रूच्या यंत्रतोफा बंद पाडल्या. ह्या पराक्रमाबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे पदक मिळाले.

त्याच एप्रिल महिन्यात चालकांच्या एका पथकाला जर्मनीतील बेर्गेन-बेल्झेन येथील बंदिछावणीत पाठविण्यात आले. ती छावणी ब्रिटिश सैन्याने नुकतीच मुक्त केली होती. आत हजारो कैदी उपासमारीने आणि रोगराईने मरणाच्या दारी पडले होते. त्यांतील बहुतेक ज्यू होते. अमुक एका वंशात जन्मले एवढाच त्यांचा अपराध होता. युद्धातील रक्तपात पाहिलेल्या ह्या चालकांनीही असे दृश्य पूर्वी पाहिले नव्हते. त्यांनी त्या माणसांना उचलून गाड्यांत ठेवले आणि रुग्णालयात पोहोचविले.

आता ह्या तरुणांच्या मनाचा थोडा विचार करा. रुग्णवाहिकेच्या चालकाचे दुर्दैव असे, की तो नेहमी उशिरा पोहोचतो. गोळी लागून गेलेली असते, पाय तुटलेला असतो. मग त्याला हाक येते. तो कितीही वेगाने आला, तरी जे व्हावयाचे ते होऊन चुकलेले असते. शिवाय शत्रुपक्षाचा शिपाई जखमी होऊन सापडला, तर त्यालाही ह्याच गाडीत निजवीत. गाडीत शेजारी शेजारी पडलेले दोघे जण, एक इकडचा आणि एक तिकडचा, तहान लागली की पाणीच मागतात, हे ह्या चालकांनी कितीदा तरी पाहिले होते. ह्या दोघांची भेट ह्याआधी, बरे असताना, एखाद्या घरच्या जेवणाच्या मेजावर झाली असती तर?

१९४६ च्या सप्टेंबरमध्ये गलाटी आणि त्यांचे जुने सोबती न्यूयॉर्कमध्ये एकत्र जमले. युद्ध संपले होते. संस्था बंद करून आपापल्या उद्योगाला लागावे, असे म्हणणे अगदी रास्त ठरले असते. परंतु त्यांनी संस्था बंद केली नाही. पहिल्या युद्धानंतरच्या शिष्यवृत्त्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी होत्या. ह्या वेळी त्यांनी शाळेतील मुले निवडली. ज्याचे मत अजून घट्ट झालेले नाही आणि जो घरच्यांबरोबर भांडी पुसावयास उभा राहतो, अशा वयाचा पाहुणा त्यांना हवा होता. १९४७ साली दहा देशांतील ५२ विद्यार्थी अमेरिकेत आले. युरोपात तेव्हा शहरेच्या शहरे विटा-मातीचे ढीग होऊन पडली होती. अशा देशांतून आलेल्या मुलांना दुकानात ढिगाने मांडलेली फळे पाहून काय वाटले असेल, ह्याची कल्पनाच केलेली बरी. पुढे काही वर्षांतच जर्मनीतून आणि १९५४ साली जपानमधूनही मुले आली. म्हणजे ज्यांच्याशी काल-परवा युद्ध झाले, त्यांचीच मुले! ज्या घरातील मुलगा युद्धात पडला असेल, त्याच्या शेजारच्या घरात एखादा जर्मन विद्यार्थी राहावयास यावा आणि रस्त्यात भेटला की त्याला नमस्कार करावा, हे सोपे नव्हते. असे करावयाला कोणाचे तरी मन मोठे असावे लागते. ते मन न्यूयॉर्कच्या कचेरीत बसून निर्माण करता येत नाही. ते गावात असावे लागते.

म्हणून ह्या कार्याचा खरा भार वाहिला तो लहान लहान गावांनी. संस्थेने ठिकठिकाणी स्थानिक समित्या नेमल्या. त्यांत शिक्षक असत, दुकानदार असत, घरी असणाऱ्या गृहिणी असत. कोणालाही वेतन नव्हते. यजमान कुटुंबालाही पाहुण्याबद्दल पैसे मिळत नसत. खोली, जेवण, प्रेम हे सारे पदरचे. विद्यार्थ्याच्या प्रवासाचा आणि इतर खर्चाचा काही भाग गावाने जमवावयाचा असे. मग शाळेतील मुले रविवारी लोकांच्या मोटारी धुऊन देत, बायका घरी केक भाजून विकावयास ठेवीत आणि असे नाणे-नाणे जमे. माझ्या मते ह्यातील मोठी गोष्ट पैसा नव्हे. ज्या मुलाने एका अनोळखी पाहुण्यासाठी सकाळभर मोटारी धुतल्या, त्याला तो पाहुणा येण्यापूर्वीच आपला वाटू लागतो.

अशा गावांतून सेवाभावी क्लबांचीही मदत होई. ह्यांतील सर्वांत जुना क्लब रोटरी. १९०५ सालच्या फेब्रुवारीत शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन मित्रांसह तो स्थापन केला. हॅरिस लहानपणी खेड्यात वाढले होते. शिकागोसारख्या अफाट शहरात त्यांना एकटेपणा जाणवे. खेड्यात जशी ओळखदेख असते तशी शहरातही असावी, एवढीच त्यांची मूळ इच्छा होती. सभा आज एकाच्या कचेरीत, पुढल्या वेळी दुसऱ्याच्या, अशी फिरत असे. म्हणून ‘रोटरी’ म्हणजे फिरती, हे नाव पडले. नुसते एकत्र जमून काय करावयाचे, असा प्रश्न लवकरच पुढे आला आणि सभासदांनी शहराच्या उपयोगाचे काम हाती घेतले. ते कोणते, हे ऐकून तुम्हांला हसू येईल: शिकागोच्या मध्यवस्तीत सार्वजनिक शौचालय असावे म्हणून त्यांनी खटपट केली! परंतु हसण्याचे कारण नाही. बाजारासाठी बाहेर पडलेल्या माणसाची अडचण ज्याला दिसते, त्यालाच सेवेचे डोळे आहेत असे म्हणावे. १९१७ साली लायन्स क्लब निघाले. त्यांनी अंधांच्या साहाय्याचे काम विशेष केले. रोटरी क्लबांनी पुढे स्वतःही विद्यार्थी-विनिमय चालविला आणि पोलिओसारख्या रोगाविरुद्ध लस पोहोचविण्यास मोठा हातभार लावला.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. प्रारंभी ह्या क्लबांत स्त्रियांना सभासद होता येत नसे. रोटरीने आपल्या नियमांतील ही आडकाठी १९८९ साली काढून टाकली. पाहुण्या विद्यार्थ्याच्या स्वागताची भाषणे कितीतरी वर्षे पुरुषच करीत. आणि तो आजारी पडला की रात्री त्याच्या उशाशी बसणारी, त्याच्या आवडीचा पदार्थ विचारून शिकणारी, त्याच्या आईला पत्र लिहिणारी स्त्री सभेच्या इतिवृत्तात कोठेही आढळत नसे.

वर्ष संपत आले, की अमेरिकन फील्ड सर्व्हिसची मुले एक मोठा प्रवास करीत. निरनिराळ्या गावांत राहिलेली, निरनिराळ्या देशांची ही मुले बसगाड्यांतून देशभर हिंडत. मुक्काम पडे तेथील लोक त्यांना एक-दोन रात्रींसाठी आपापल्या घरी नेत. बसमध्ये कोणी गाणे म्हणे, कोणी वादविवाद करी आणि कोणी नुसताच खिडकीतून बाहेर पाहत राही. शेवटी सर्व बसगाड्या राजधानी वॉशिंग्टनला येत. १९६१, १९६२ आणि १९६३ ह्या तिन्ही वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी ह्यांनी आपल्या निवासस्थानाच्या हिरवळीवर ह्या मुलांची भेट घेऊन त्यांच्याशी भाषण केले. १९६४ साली गलाटी निवर्तले. तोपर्यंत ५२ ची संख्या दरवर्षी हजारांत जाऊन पोहोचली होती.

ह्यामुळे युद्धे थांबली काय? थांबली नाहीत. १९५० साली कोरियात युद्ध झाले, पुढे व्हिएतनाममध्ये झाले आणि त्यानंतरही होतच आली आहेत. एक वर्ष परदेशी राहून आलेली मुले काही सैन्ये परत फिरवू शकत नाहीत. कोणी तसा दावा करील तर तो खोटा समजावा. परंतु ‘त्या देशातील माणसे सारी अशीच असतात’ असे कोणी सभेत म्हणू लागला, की ज्याने त्या देशात एका घरची भाकरी वर्षभर खाल्ली आहे, तो मनात म्हणतो, ‘सारी कशी? मी ज्यांना आई म्हणत होतो त्या तर अशा नव्हत्या.’ तो हे मोठ्याने बोलेलच असे नाही. बोलण्यास धैर्य लागते. पण त्याला ते ठाऊक असते.

ह्या प्रकारचा विद्यार्थी-विनिमय आज आपल्या देशातही चालतो. अमेरिकन फील्ड सर्व्हिसची परंपरा पुढे चालविणारी संस्था भारतात आहे. आपल्या महाराष्ट्रातील रोटरी क्लबांमार्फतही मुलेमुली ब्राझील, फ्रान्स, जर्मनी, अमेरिका अशा देशांत जातात आणि तिकडची मुले आपल्याकडे येतात. रोटरीची रीत अशी, की पाहुणा बहुधा वर्षभर एकाच घरी राहत नाही. काही महिन्यांनी दुसऱ्या घरी जातो. क्लबातील एक सभासद त्याचा सल्लागार असतो. घरात सांगता न येणारी अडचण त्याला सांगावयाची. अंगात गडद रंगाचा कोट असतो. जेथे जेथे जाईल तेथील बिल्ले त्या कोटावर टोचले जातात. वर्ष संपेपर्यंत कोट इतका जड होतो, की तो घालून फार वेळ उभे राहणे कठीण जाते.

पहिला महिना कौतुकात जातो. गावात जो तो पाहुण्याला पाहावयास येतो, हार घालतो, जेवावयास बोलावतो. ताटात पुरणपोळी वाढली जाते आणि तिच्यावर तूप किती घ्यावे ह्याविषयी चार जण चार सल्ले देतात. पाहुणा हाताने जेवू लागला, की शेजारची पोरे टाळ्या वाजवितात. खरी परीक्षा पुढे असते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कौतुक ओसरते. पाहुणा हा आता पाहुणा राहत नाही. तो घरचा होतो, पण पुरता झालेला नसतो. त्याच्या खोलीत कोणीही केव्हाही न विचारता शिरते, ह्याचा त्याला राग येतो. तो दार लावून घेतो. त्यावर घरची आई म्हणते, ‘ह्याचे काय बिनसले?’ तो जेवल्यावर ‘आभारी आहे’ म्हणतो, तेव्हा आजीला वाटते, हा आपल्याला परके समजतो. घरातील लोक आभार मानीत नाहीत, तेव्हा त्याला वाटते, आपण काहीही केले तरी ह्यांना ते दिसत नाही. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर असते आणि म्हणूनच ते मिटविणे अवघड असते.

आपल्याकडून परदेशी गेलेल्या मुलाचीही हीच स्थिती होते. घरी पाण्याचा पेला आयता हातात येणाऱ्याला तेथे स्वतःचे ताट धुवावे लागते, अंथरूण आवरावे लागते, अंगणातील बर्फ फावड्याने ओढावा लागतो. जेवणाच्या मेजावर सारे हळू बोलतात. त्याला वाटते, आज घरात भांडण झाले आहे की काय! संध्याकाळी चार वाजताच अंधार पडतो. अशा वेळी फोडणीच्या नुसत्या आठवणीनेही घसा दाटून येतो. काही मुलांना यजमान घर बदलून द्यावे लागते, काही थोडी अर्ध्यातून परतही येतात. तो त्यांचा दोष मानू नये. बाकीची बहुतेक मुले हा घाट चढून जातात. मग एके दिवशी असे होते, की स्वप्न त्या परक्या भाषेत पडते; सकाळी उठून मुलाला मोठे नवल वाटते. त्यानंतर कधी त्या घरातील धाकट्या भावंडाशी त्याचे चांगले कडकडून भांडण होते. घरचे लोक ते ऐकतात आणि एकमेकांकडे पाहून हसतात. कारण पाहुणा यजमानाशी भांडत नसतो.

वर्षाच्या अखेरीस निघण्याचा दिवस येतो. आमच्याकडील घरी त्या वेळी जो प्रकार होतो, तो सगळीकडे सारखाच. पाहुण्या मुलीची बॅग आदल्या रात्री पलंगावर उघडी पडलेली असते. तीत क्लबाने दिलेली लहान निशाणे असतात, मैत्रिणींनी सह्या केलेली वही असते, मराठी शिकण्यासाठी घेतलेली पहिलीची पुस्तके असतात. घरची आई एका डब्यात बेसनाचे लाडू भरते, दुसऱ्यात लसणीची चटणी. ‘तुझ्या आईला दे हो, आणि म्हणावे, मी केलेय,’ असे ती पुनःपुन्हा सांगते. विमानात ठराविक वजनच नेता येते, हे बाबा तिला दोनदा समजावून सांगतात. बॅग काट्यावर ठेवली जाते. वजन अडीच किलोंनी जास्त भरते. सारे जण क्षणभर बॅगेकडे पाहत उभे राहतात. मग ती मुलगी स्वतःच खाली बसते आणि एकेक करून आपले बूट, जाड कोट आणि पुस्तके बाहेर काढू लागते. डब्यांना ती हात लावीत नाही.